यंत्राच्या पोटातली भरती

माझं लग्न झालं, हे मी आजही लोकांना जरा मोठ्यानंच सांगतो. ऐकणारा म्हणतो, "त्यात काय एवढं? सगळ्यांचंच होतं." पण अशा माणसाची सासुरवाडी खाडीतल्या बेटावर नसते, आणि त्याच्या वऱ्हाडाच्या होडीची वेळ कॉम्प्युटरनं काढलेली नसते. माझी काढली होती. त्यातून मी कसा सुटलो ते सांगतो. सांगताना थोडं वाढवेन, सवय आहे. पण मूळ गोष्ट खरी. पुरावा म्हणून माझी बायको आत्ता स्वयंपाकघरात माझ्याच नावानं बडबडतेय.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं घर पेणकरपाड्यात. तेव्हा तिथं माणसं कमी आणि डास जास्त. ते एवढे मोठे, की संध्याकाळी दार लावून घेतलं तर बाहेरून कडी वाजवायचे. वडील मिठागरावर कामाला होते आणि मी मुंबईच्या एका कचेरीत कॉम्प्युटरवर. पाड्यात कॉम्प्युटर म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे माझा मान फार. लोक मला तळहात दाखवायला यायचे. एकानं आटलेली म्हैस दारात आणून बांधली आणि म्हणाला, "हिचं काय बिघडलंय तेवढं मशीनला विचार." मी विचारून सांगतो म्हणालो. नाही कशाला म्हणा?

आमची कचेरी खाड्यांची आणि बंदरांची मोजमापं करायची. मोजणीच्या होड्या कधी बाहेर काढायच्या हे भरतीवर ठरायचं, आणि भरतीची वेळ सांगायला यंत्रात एक प्रोग्राम होता. यंत्र तीन म्हशी शेजारी शेजारी बांधाव्यात एवढं. त्याला पडदा वगैरे काही नव्हतं. समोर टेलिटाइप नावाचं टाइपरायटरसारखं धूड होतं. त्यावर आपण हुकूम टाइप करायचा, की ते जमीन हादरवत उत्तर कागदावर छापायचं. तारीख दिली की भरतीची वेळ, मिनिटासकट. हा प्रोग्राम लिहिणारा माझ्या आधी त्या खुर्चीवर बसायचा. उत्तनजवळच्या पाली गावचा, दर्यावर्दी घरातला. तो कॅनडाला निघून गेला आणि खुर्ची मला मिळाली.

लग्न ठरवायच्या बैठकीत होणारे सासरे म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण वऱ्हाड बेटावर येणार होडीनं. भरती बघून मुहूर्त धरायला हवा."

सासरे रेल्वेत, खाडीच्या पुलावर गँगमन. वेळेचे एकदम पक्के. मी छाती काढून बोलून गेलो, "मी कॉम्प्युटरला विचारतो ना."

ते इतके खूश झाले की त्यांनी दुसरा चहा मागवला. दोन दिवसांनी मी चिठ्ठी नेऊन दिली: लग्नाच्या दिवशी भरती सकाळी दहा वाजून चोवीस मिनिटांनी. ती त्यांनी बेटावर घरोघर दाखवली. मग तिच्याबरहुकूम सगळं ठरवलं. पहिल्या फेरीला वरपक्ष, दुसऱ्या फेरीला करवल्या आणि बँड, आणि त्यानंतर मुहूर्त. यंत्रानं माझी सोयरीक पक्की केली, असं मला वाटलं.

मग मध्ये मामा आले.

मामा म्हणजे मुलीचे सख्खे मामा, तिच्या आईचे एकुलते एक भाऊ. वऱ्हाडाच्या दोन्ही होड्या त्यांच्याच. आवाज असा, की भाईंदरच्या धक्क्यावर खोकले तर पलीकडे नायगावात बगळे उडायचे. धक्क्यावर आम्हा दोघांना गाठून त्यांनी सासऱ्यांना विचारलं, "दा चोवीस? कोन बोलला?"

"कॉम्प्युटर," सासरे म्हणाले.

"त्याची होडी हाय?"

"होडी कसली, मेव्हणे? यंत्र आहे ते."

"होडी न्हाय आनि भरती सांगतंय! लग्नाच्या दिवशी तेरस हाय. माज्या घरच्या घड्यालात पावनेदाला पानी भरनार. दा चोवीसला उतराला लागलेला असंल. पयली फेरी जाईल कशीबशी. दुसऱ्या फेरीच्या करवल्यांना काय चिखलातून चालवनार, खेकड्यांसारक्या?"

मी मध्ये तोंड घातलं. "मामा, यंत्र चुकत नाही."

मामांनी माझ्याकडे बघितलं. बाजारात शिळा बोंबील बघावा तसं. "मंग वल्हं पन त्यालाच मारू दे. आनि भाचीला बोहल्यावर पन त्यालाच आनू दे. मी न्हाय येत."

आणि गेले की.

आता यातलं संकट समजून घ्या. होड्या एक वेळ दुसऱ्या मिळतील. पण आमच्यात नवरीला बोहल्यावर आणतो तो मामा. अंतरपाटाच्या पलीकडे तिच्या पाठीशी उभा राहतो तो मामा. दुसरा मामा नव्हता. मामा नाही तर मुलगी घरातून बाहेर पडायची नाही, आणि मी मुंडावळ्या बांधून खाडीकडे बघत बसणार.

सासरे हळूच म्हणाले, "जावईबापू, तुमचं यंत्र खरं ना?"

"शंभर टक्के."

"कशावरून?"

आता आली का पंचाईत! कशावरून? मला काय ठाऊक! मी तारीख द्यायचो, ते वेळ द्यायचं. ते खोटं निघालं तर मी खोटा. ते खरं निघालं तर मामा खोटे, आणि मामांसारखा माणूस खोटा ठरून बोहल्याशी येईल? छे! म्हणजे कसंही झालं तरी लग्न बुडालंच. काठावर उभं राहून पाणी बघून ठरवावं म्हटलं, तर मामा म्हणाले, मी परीक्षेला बसत नाही. मी एकटा जाऊन बघून आलो. भरलेलं पाणी इतका वेळ ढिम्म राहतं, की ते चढतंय की उतरतंय हे बगळ्यालाही सांगता येणार नाही. बंदराची छापील कोष्टकं मुंबईची, आणि आमच्या खाडीत पाणी स्वतःच्या मर्जीनं येतं. त्यात बेटावरून निरोप आला, खुद्द नवरीचा: "मशीनशीच लग्न लावायचं असेल तर तसं कळवा, शालू परत करायचाय."

मी सरळ साहेबांकडे गेलो. म्हणालो, "साहेब, भरतीच्या प्रोग्रामचा सोर्स कुठंय?"

सोर्स म्हणजे माणसानं लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर. तो भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचा. साहेब म्हणाले, "ती कार्डं? अरे, त्यांच्या पाठीवर आपण जेवणाच्या सुट्टीत रमीचे आकडे मांडतो, तीच."

म्हणजे सोर्स गेला रमीत. उरली होती नुसती ऑब्जेक्ट फाइल. सोर्सचं यंत्राच्या भाषेत भाषांतर झालं की जे आकडेच आकडे उरतात, ती.

"तीच उघडून वाचतो," मी म्हणालो.

साहेब हसले. "शिजलेल्या भाताचे परत तांदूळ करणार?"

"लग्नाचा प्रश्न आहे, साहेब."

"मग कर. पण कागद जपून वापर."

ते शेवटचं वाक्य मला ऐकू आलं नाही असं मी ठरवलं.

टेलिटाइपवर बसून मी तीन हुकूम दिले. पहिला: या फाइलीतली नावं दाखव. प्रोग्राम लिहिताना माणूस आतल्या जागांना नावं देतो. त्यातली बरीचशी भाषांतरानंतरही फाइलीला चिकटून राहतात, भाताला तमालपत्र चिकटावं तशी. खडखड खडखड करत नावं छापून आली. दिवस. तिथी. भरती. आणि शेवटी एक नाव: पापा.

पापा? भरतीत पापा कुठून आले?

दुसरा हुकूम: पोटातले सगळे आकडे जसेच्या तसे काढ. तिसरा: त्या आकड्यांचे पुन्हा यंत्राचे हुकूम करून दाखव, म्हणजे इथं बेरीज आहे, इथं गुणाकार आहे, इथून उडी मार. यालाच डिसअसेंबल करणं म्हणतात. हा शब्द मी घरी सांगितला तेव्हा आईनं देवाला हात जोडले. तिला वाटलं, साहेबांचं यंत्र मी खिळखिळं करून ठेवलं.

कागद एवढा निघाला की तो खांद्यावर टाकून घरी आणताना मी नाथपंथी साधूसारखा दिसत होतो. रविवारी दुपारी मी तो आमच्या ओटीवरून सोडला. तो अंगण, गल्ली, शेजाऱ्याची कोंबडी आणि विहीर ओलांडून पार मिठागराच्या बांधाला टेकला. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर जागोजागी खडेमिठाची ढेकळं ठेवली, आणि मी रांगत रांगत वाचायला लागलो. पाड्यातले लोक जमले. आई म्हणाली, "हल्ली पत्रिका एवढ्या लांब छापतात?"

पहिली गल्लीभर सगळी दिवसांची वजाबाकी. दिलेल्या तारखेपर्यंत किती दिवस झाले ते मोज, चंद्राच्या फेऱ्यांनी भाग, बाकी उरेल ती तिथी. एवढं वाचेपर्यंत गुडघे सोलवटले. विहिरीपाशी एक गुणाकार आला. तिथीला पंचावन्ननं गुण.

पंचावन्न कशासाठी? मी डोकं खाजवलं. मग एकदम कपाळावर हात मारला. हे यंत्र आठावर हातचा धरणारं! आपण दहा झाले की हातचा घेतो, हे आठ झाले की घेतं. त्याचे पंचावन्न म्हणजे पाच आठं चाळीस आणि वर पाच. पंचेचाळीस. पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे पाऊण तास.

तिथीला पाऊणनं गुणा!

मी तिथं विहिरीपाशीच बसकण मारली आणि हसत सुटलो. अहो, हे आमच्या पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. वडिलांनी मला मिठागराच्या बांधावर बसवून शिकवलेलं. तीन म्हशींएवढं परदेशी यंत्र, थंडगार खोलीत ठेवलेलं, साहेब लोक त्याच्यापुढं बूट काढून जाणारे, आणि त्याच्या पोटात काय, तर पालीच्या नाखव्याचं बोटांवरचं गणित!

तेरसेची पाऊणपट करून बघितली. नऊ आणि पाऊण. पावणेदहा. मामांचीच वेळ, मिनिटाचाही फरक नाही.

हसू जागच्या जागी थांबलं. कारण यंत्र पावणेदहा सांगत नव्हतं, दहा चोवीस सांगत होतं. मधली मिनिटं कुणीतरी वर टाकली होती. पुढची ओळ बघितली. गुणाकारात 'पापा' मिळव.

पापा मिठागराच्या बांधाजवळ होते. तिथं यंत्रानं भलतंच छापलेलं: एक हुकूम, जो यंत्राच्या हुकमांत मुळी नाहीच. प्रश्नचिन्हं घालून मोकळं झालेलं. मी त्या ओळीशी कितीतरी वेळ झुंजलो. नसलेला हुकूम चालवून प्रोग्राम पुढं जातो कसा? शेवटी उड्या तपासल्या. प्रोग्राम त्या जागी कधी जातच नव्हता. लांबून हात घालून तिथला आकडा तेवढा उचलत होता. म्हणजे तो हुकूम नव्हताच, नुसता ठेवलेला आकडा होता. पण डिसअसेंबलर बिचारा भोळा. त्याला समोर दिसेल ते सगळं हुकूमच वाटतं. वऱ्हाडाची माणसं मोजताना वाटेत ठेवलेला हंडाही मोजून 'एक पाहुणा' म्हणावं, तसं त्यानं केलं होतं.

आकडा होता सत्तेचाळीस. चार आठं बत्तीस आणि सात. एकोणचाळीस. पावणेदहात एकोणचाळीस मिनिटं मिळवली की बरोबर दहा चोवीस.

म्हणजे भांडण मामांचं आणि यंत्राचं नव्हतंच. दोघं एकाच शाळेतले. भांडण होतं फक्त या पापाचं. पापा खरे असतील तर वऱ्हाड पाण्यावर, पापा खोटे असतील तर करवल्या चिखलात. आणि हे पापा कोण ते सांगणारा बसलाय कॅनडात, बर्फ उपसत.

कागद गुंडाळत होतो तेवढ्यात आईनं विचारलं, "त्या मामाला अक्षत कोणी दिली रे?"

"कसली अक्षत?"

"लग्नाला बोलवायची! मामाला पहिली अक्षत द्यायची असते. घरी जाऊन, पाट मांडून. तुझ्या सासऱ्यानं दिली?"

मी आठवून बघितलं. सासऱ्यांनी चिठ्ठी घेऊन सगळं बेट पालथं घातलं होतं. मामांना मात्र निरोप पाठवला होता होडीवाल्याच्या हातून: भरती अमक्या वेळेला, होड्या तयार ठेवा. अक्षत कुणालाच आठवली नव्हती.

"मग तो चिडेल नाही तर काय! जा आत्ताच्या आत्ता. नारळ घे. आणि ते मशीनचं तोंड उघडू नकोस तिथं."

बेटावर जाऊन मी सासऱ्यांना बरोबर घेतलं आणि मामांचं घर गाठलं. मामा ओट्यावर जाळं विणत बसलेले. मान वर नाही. मामींनी पाणी दिलं, पण तेही गूळ न देता. सासऱ्यांनी नारळ ठेवला, हळद लावलेले तांदूळ मामांच्या हातावर घातले आणि म्हणाले, "मेव्हणे, पहिली अक्षत तुमची. उशीर झाला. पोरीच्या पाठीशी तुम्हीच."

मामांनी तांदूळ मुठीत धरले. जाळं विणायची सुई एका जागी थांबली. मग ते म्हणाले, "यवढं बोलाला यवढे दिस लागले?"

सासऱ्यांनी नारळ त्यांच्याकडे जरा सरकवला. मी यंत्राचं नावही काढलं नाही. आईची ताकीद होती.

तेवढ्यात आत भिंतीवरचं जुनं लंबकाचं घड्याळ घणघणलं. पाच टोले. मी सवयीनं मनगटाकडे बघितलं. माझ्या घड्याळात पाच वाजून एकोणचाळीस.

माझ्या अंगावर असा काटा आला, की त्यावर मासे वाळत घालता आले असते.

"मामा," मी म्हणालो, "तुमचं घड्याळ मागं आहे."

"मागं न्हाय. बापाच्या टायमावर हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे मुंबयचा जुना टाइम. सरकारनं सगल्या देसाचा एक टाइम केला, घड्यालं पुढं केली. बाप बोलला, सूर्य काय पुढं झाला? सूर्याला कोनी इचारलं? त्यानं घड्याल हलवलं न्हाय. तो गेला, मी पन न्हाय हलवत. दसऱ्याला रेल्वेचं घड्याल बगतो, त्याच्यातून यकोनचालीस मिनटं कमी करतो आनि लावतो."

"पापा!" मी ओरडलो.

आत मामींच्या हातून भांडं पडलं. त्यांना वाटलं, घड्याळातून मामांचे वारलेले वडीलच बोलले.

मी उठून मामांना मिठीच मारली, जाळ्यासकट. सोडवायला वेळ लागला. कॅनडावाल्या माझ्या पूर्वजाच्या घरी, पालीला, असंच एक घड्याळ असणार, आणि असाच एक हट्टी बाप. पाऊणपटीचा हिशोब चालतो सूर्याच्या वेळेवर, आणि कचेरीला हवी रेल्वेची वेळ. म्हणून पोरानं वर बापाचा हट्ट मिळवला आणि त्या जागेला बापाचंच नाव दिलं. मामांचे पावणेदहा आणि यंत्राचे दहा चोवीस म्हणजे एकच क्षण, तेच पाणी, तीच भरती. कुणीच खोटं नव्हतं! छातीवरून मिठाचा ढीग उतरावा तसं मला झालं. सासऱ्यांनी आपलं रेल्वेचं घड्याळ काढलं, भिंतीवरचं बघितलं, परत आपलं बघितलं आणि टोपी काढून वारा घ्यायला लागले.

"मेव्हणे," ते म्हणाले, "हे आधी सांगायचं नाही का?"

मामा जाळ्यातून बोटं सोडवत म्हणाले, "इचारलं कोनी? तुमी मशीनला इचारलंत."

ते म्हणताना त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. मला आजही संशय आहे, की मामांना सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि त्यांना भरती नव्हे, अक्षत हवी होती. बायकोला विचारलं तर ती म्हणते, "माझे मामा तसे नाहीत." मग हसते.

लग्नाच्या दिवशी दोन्ही फेऱ्या काठोकाठ पाण्यावरून गेल्या. पाणी इतकं भरलेलं, की होडी धक्क्याला लागायच्या ऐवजी धक्काच होडीला लागला. करवल्यांच्या पावलांना चिखलाचा ठिपका नाही. बँडवाल्यानं मध्येच ढोल वाजवला तर त्याला कुणी ओरडलंही नाही, इतके सगळे मोकळे झालेले. मामा स्वतः डोलकाठीपाशी उभे, नव्या फेट्यात.

मग अंतरपाट धरला. पलीकडे नवरी, तिच्या मागं मामा. मंगलाष्टकं संपत आली आणि कापडाच्या वरून मामांचा आवाज आला. हळू बोलायचा त्यांचा प्रयत्न होता, पण मागच्या पंगतीला वाढणाऱ्यांनीही ऐकला.

"जावाय, किती वाजले?"

मी मनगट वळवलं. मनातल्या मनात पापा वजा केले आणि त्यांना त्यांच्या बापाच्या टायमाची वेळ सांगितली.

"बराबर हाय," मामा म्हणाले. "सोडा पाट."